शुद्ध मानवी एचएसपी७० वापरताना: आधी कुपीत आणखी काय आहे ते पाहा

प्रश्न असा आहे: ई. कोलाय जीवाणूत बनवलेल्या शुद्ध मानवी एचएसपी७० ची (इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करणारं प्रथिन) ५० मायक्रोग्रॅमची कुपी आणली. ल्युसिफरेज रिफोल्डिंगमध्ये (घडी मोडलेलं ल्युसिफरेज हे प्रकाश देणारं विकर पुन्हा चालू होतं का, याची चाचणी) काहीच दिसत नाही, आणि मॅक्रोफेजवर (रोगप्रतिकारक पेशींवर) टाकलं की टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा संकेत मात्र भरपूर वाढतो. प्रथिन खराब आहे का?

बहुधा नाही.

मॅक्रोफेजचं आधी बघू, कारण तिथे चुकीचा निष्कर्ष निघायचा धोका जास्त. ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनाबरोबर एलपीएस, म्हणजे जीवाणूच्या आवरणातलं विष (एंडोटॉक्सिन), येतंच. कुपीच्या कागदावर 'प्रति मायक्रोग्रॅम १ ईयूपेक्षा (एंडोटॉक्सिनचं एकक) कमी' असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून हायसं वाटतं. पण तुम्ही १० मायक्रोग्रॅम प्रति मिली टाकलंत, तर एंडोटॉक्सिन १० ईयू प्रति मिलीपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे मिलीमागे साधारण १ नॅनोग्रॅम एलपीएस. मॅक्रोफेजना टीएनएफ सोडायला तेवढं पुरतं. याच प्रथिनाबाबत नेमकी हीच गफलत २००३ मध्ये जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीत दाखवून दिली गेली होती. त्यामुळे स्वतःच्या लॉटचं एंडोटॉक्सिन एलएएल चाचणीने मोजा, तेवढंच एलपीएस एकटं टाकून बघा आणि पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निष्प्रभ करणारं औषध) घातलेला एक वेल ठेवा. नुसत्या उकळलेल्या कंट्रोलवर (उकळून प्रथिन मारलेल्या तुलनेच्या नमुन्यावर) विसंबू नका. प्रमाण अगदी कमी असेल तर उकळल्यावर एलपीएसचाही असर घटू शकतो, आणि मग परिणाम प्रथिनाचाच होता असं वाटतं.

आता रिफोल्डिंग. एचएसपी७० एकटं हे काम करत नाही, त्याला एचएसपी४० हे जोडीदार प्रथिन (जे-प्रथिन) लागतं (त्यातलं डीएनएजेबी१ चालतं). एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रेणू-इंधन) तोडायची एचएसपी७० ची स्वतःची गती फार मंद आहे, मिनिटाला एका रेणूमागे एक एटीपीसुद्धा नाही. ही गती जे-प्रथिन वाढवतं. सुरुवातीला एचएसपी७० २ मायक्रोमोलर, एचएसपी४० १ मायक्रोमोलर, विकृत ल्युसिफरेज १०० नॅनोमोलर, एटीपी २ मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड १०० मिलिमोलर आणि हेपीस बफर पीएच ७.५ असं लावा. पोटॅशियमच्या जागी सोडियम घालू नका, एटीपी तोडण्याचं काम पोटॅशियमवर नीट चालतं. तापमान ३० अंश ठेवा, त्याहून वर ल्युसिफरेज स्वतःच डगमगतं.

एटीपीचा स्टॉक कसा केलात तेही बघा. डायसोडियम मीठ नुसत्या पाण्यात विरघळवलं तर द्राव आम्लधर्मी होतो. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ वर आणून मगच गोठवा. अनेकांचा प्रयोग इथेच मरतो आणि दोष प्रथिनावर जातो. साठवणीच्या बफरमध्ये ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन) असेल तर तेवढं मॅग्नेशियम वाढवा. एटीपेज (एटीपी तोडण्याची गती) मॅलॅकाइट ग्रीनने, म्हणजे सुटलेलं फॉस्फेट दाखवणाऱ्या रंगाने, मोजणार असाल तर पीबीएसमधलं (फॉस्फेटच्या बफरमधलं) प्रथिन तसंच टाकू नका, त्यातलं फॉस्फेट सगळं वाचन गिळून टाकेल.

हिशेब आधी करा. ७० किलोडाल्टनला १ मायक्रोमोलर म्हणजे ७० मायक्रोग्रॅम प्रति मिली. २ मायक्रोमोलरवर ५० मायक्रोलिटरच्या एका अभिक्रियेला ७ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे अख्ख्या कुपीत जेमतेम सात अभिक्रिया, तिहेरी नमुन्यांचे दोनच संच. म्हणून प्रथिन पहिल्यांदा वितळेल तेव्हाच एकेका दिवसापुरते भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. वितळवायचं बर्फावर. व्हर्टेक्स (जोरात हलवणारं यंत्र) नको, बोटाने टिचक्या मारा. मग ४ अंशांवर १५ मिनिटं जोरात फिरवून वरचा द्राव घ्या आणि ब्रॅडफर्ड या रंगचाचणीने प्रथिनाचं प्रमाण पुन्हा मोजा. २८० नॅनोमीटरचं वाचन फसवतं, कारण प्रथिनाला चिकटून आलेलं एडीपी (एटीपी तुटून उरलेला रेणू) तिथेही प्रकाश शोषतं.

एक शंका शेवटपर्यंत उरते: जीवाणूचं स्वतःचं डीएनएके, म्हणजे त्याचं एचएसपी७० सारखं प्रथिन. तेही ७० किलोडाल्टनच्याच आसपास, त्यामुळे जेलवर दोन्ही एकाच पट्टीत लपतात आणि 'शुद्धता ९५ टक्के' वाचून ते कळत नाही. डीएनएकेचं विशिष्ट प्रतिपिंड वापरून एक वेस्टर्न (प्रतिपिंडाने नेमकं प्रथिन शोधायची चाचणी) करा. प्रथिन स्वतः शुद्ध करत असाल तर निकेल स्तंभावर (प्रथिन पकडून ठेवणाऱ्या शुद्धीकरणाच्या नळीत) असतानाच ५ मिलिमोलर एटीपी आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियमने धुवा, चिकटलेलं बरंचसं डीएनएके तिथेच सुटून जातं.