गल्ल्यावर बसणाऱ्याला मोफत वकील मिळतो का?

पुण्यात येऊन धंदा थाटलेले आणि अल्पसंख्याक समाजातले छोटे व्यावसायिक यांच्याकडून मोफत कायदेशीर मदतीबद्दल प्रश्न मागवले होते. निम्मी पत्रं हिंदीत आली, ती मराठीत देतो आहे. नावं गाळली आहेत.

प्रश्न : कोंढव्यात चार मशिनांवर मी शाळेचे गणवेश शिवून देते. हैदराबादच्या व्यापाऱ्याकडे 1 लाख 80 हजार अडकलेत, त्याचा चेकही परत आला. मी मुस्लिम आहे. अल्पसंख्याक म्हणून मोफत वकील मिळेल का? घरचं उत्पन्न सहा लाखांच्या वर आहे.

ताई, वकील मिळेल, पण अल्पसंख्याक म्हणून नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये कोणाला मोफत वकील द्यायचा याची यादी आहे. त्यात धर्म हा निकष नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कारखान्यातले कामगार, कोठडीतले, दंगल-पूर-भूकंपाचे बळी आणि शेवटी कमी उत्पन्नाचे लोक आहेत. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला 3 लाखांची. तुम्ही स्त्री आहात एवढं पुरेसं आहे, उत्पन्न कोणी विचारायचं कारण नाही. हे माहीत नसल्यामुळे बायका उगाच तहसीलच्या खिडकीवर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लावतात.

शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे साधा अर्ज करा. त्याआधी फोनवर विचारायचं असेल तर 15100.

पण मला काळजी तुमच्या चेकची आहे. बँकेने चेकसोबत जी छोटी चिठ्ठी परत दिली ती मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरायला 15 दिवस. त्याने भरले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल. मोफत वकील नेमला जाईपर्यंत थांबू, असं म्हणत बसलात तर पहिलाच टप्पा हातचा जाईल. अर्ज करतानाच चिठ्ठी दाखवा आणि मुदत कधी संपते ते अर्जावर ठळक लिहा. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. केससाठी हैदराबादच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत : चेकच्या कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर, चेक खात्यात भरला असेल तर जिथे तुमचं खातं आहे तिथल्या कोर्टात तक्रार होते.

दुसरी वाटही आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी, आहे का? असेल तर खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायला हवेत, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन दावा करता येतो. नसेल तर पुढचा माल देण्याआधी नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे. दीड-दोन हजार घेणारे एजंट फक्त तुमचा आधार नंबर टाइप करतात.

प्रश्न : मी बिहारचा, हडपसरला फळांची हातगाडी लावतो. अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलून नेली. रेशन कार्ड गावचं, उत्पन्नाचा दाखला नाही. मला कोण विचारणार?

दाखला नसला तरी अर्ज अडत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 13 नुसार उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. रेशन कार्ड कुठलं आहे याने फरक पडत नाही.

आता गाडीचं. पथविक्रेता कायदा, 2014 म्हणतो की माल उचलला तर त्याची यादी करून सहीची प्रत विक्रेत्याला द्यायची. दावा केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत, ठरलेलं शुल्क घेऊन परत करायचा. हटवण्याआधी 30 दिवसांची नोटीसही हवी. कागदावर हे छान आहे. गोडाऊनवर गेल्यावर मात्र तुमचे केळीचे घड मऊ पडलेले असतात आणि यादी कोणी केलेलीच नसते. म्हणून गाडी उचलताना मोबाइलवर फोटो काढा, अतिक्रमण विभागाच्या गाडीचा नंबर टिपा आणि त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी विनवण्यांचा कोर्टात काही उपयोग होत नाही.

विक्री प्रमाणपत्राबाबत, म्हणजे रस्त्यावर विकण्याच्या परवान्याबाबत, मात्र आशा लावत नाही. ते देताना अधिवासाचा दाखला मागितला जातो आणि त्यासाठी राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जुनी भाडेपावती, मुलांच्या शाळेचे दाखले, जे असेल ते जमवून ठेवा. पथारी व्यावसायिकांच्या एखाद्या संघटनेचं सभासद होणंही फायद्याचं.

प्रश्न : मी नेपाळी नागरिक आहे, मोमोचा स्टॉल आहे. परदेशी माणसाला मदत मिळते?

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये नागरिक नाही, व्यक्ती म्हटलं आहे. उत्पन्न मर्यादेत असेल तर अर्ज करा. धंद्याचं म्हणाल तर 1950 च्या भारत-नेपाळ कराराने तुम्हाला व्यापारात इथल्या नागरिकांसारखीच वागणूक देण्याचं ठरलं आहे. इतर देशांच्या लोकांना ही सवलत नाही, विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी तर दुकान टाकूच नये.

प्रश्न : कर्वेनगरला भाड्याच्या गाळ्यात माझं सलून आहे. करार तोंडी. मालकाने रात्रीत स्वतःचं कुलूप लावलं, खुर्च्या आत अडकल्यात.

करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे. असा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. ‘करार कुठाय’ असं तो दरडावत असेल तर घाबरू नका.

कोर्टाच्या हुकमाविना ताबा काढून घेतला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत दावा लावता येतो. गाळा कोणाच्या मालकीचा, हा वाद त्यात येत नाही. मालक म्हणेल, ‘हा नुसता वापरायला दिला होता.’ म्हणून ताबा तुमचा होता हे दाखवणारं सगळं गोळा करा : शॉप ॲक्टचा कागद, लाइट बिल, भाडं पाठवल्याचे यूपीआयचे मेसेज, किल्ली.

प्रश्न : प्राधिकरणाने दिलेला वकील ‘टायपिंगचे पाच हजार द्या’ म्हणतोय. द्यायचे का?

नाही. वकिलाचं मानधन, कोर्ट फी, टायपिंग, सगळं प्राधिकरण भरतं. सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागा. त्याच्याकडे दिलेल्या मूळ कागदांची यादी करून तीही अर्जाला जोडा, म्हणजे ते परत मिळताना घोळ होणार नाही.