माटोळीची दोरी त्यांच्या हातात द्या

डिचोलीकडून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात: ‘गेल्या वर्षी कॅन्सरमुळे मिस्टरांची डावी किडनी काढली. केमो लागली नाही. सगळे म्हणतात, स्वस्तात सुटलात. पण स्कॅनची तारीख जवळ आली की हे घुमे होतात, रात्री उठून बाल्कांवात बसून राहतात. चवथीला दिरांनी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची लाकडी चौकट, बांधायचं कामही ह्यांच्या हातून काढून घेतलं. मी धीर देते, आणि न्हाणीत जाऊन रडते. काय करू?’

ताई, ‘स्वस्तात सुटलात’ हे आधी बाजूला ठेवूया. नेहमीची केमो किडनीच्या कॅन्सरवर फारशी चालत नाही, म्हणून बहुतेकांना ती देतच नाहीत. आजार किरकोळ होता असा त्याचा अर्थ नव्हे. केस गळले नाहीत की लोकांना आजार दिसत नाही, मग भीती तरी कशी दिसणार? ऑपरेशनच्या धावपळीत भ्यायलाही सवड नसते. भीती नंतर येते, घर शांत झाल्यावर. ह्यात तुमच्या यजमानांचं काही चुकत नाही.

तुम्ही मात्र ‘काही होणार नाही’ म्हणणं सोडा. ते ऐकलं की त्यांचं तोंड बंद होतं. एका रात्री बाल्कांवात त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि ‘मलाही भीती वाटते’ एवढंच सांगा. दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवताय.

फाईलही दोघांनी मिळून बघा. किडनी कशी चालते ते दाखवणारा क्रिएटिनीनचा आकडा ठळक छापलेला दिसला की काळजात धस्स होतं, पण एका किडनीवर तो थोडा वर असणं नवलाचं नाही. मागच्या रिपोर्टांपेक्षा तो चढतोय का, हे डॉक्टरांना विचारा. प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर सगळं विसरायला होतं. स्कॅनच्या आधी ‘एकच किडनी आहे’ हे तिथल्या माणसाला आठवणीने सांगा. तपासण्या साधारण पाच वर्षं तरी चालतात, पुढे त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. मात्र लघवीत रक्त दिसलं, खोकला हटेना, हाडं दुखू लागली किंवा वजन उतरलं, तर तारखेची वाट बघू नका.

घरातलं सांगायचं तर, बीपी तपासत राहा आणि मिठाचं, म्हणजे सुकं खारं, कैरीचं मिस्कूट, हात राखून वाढा. (मला ठाऊक आहे, पावसाळ्यात हे सांगणं म्हणजे पाप.) अंग दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. शेजारच्यांनी आणून दिलेला झाडपाल्याचा काढाही नाही.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जेवण तुटलं किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं आलं, तर बांबोळीला मनोविकार संस्थेत, आयपीएचबीत, घेऊन जा. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. तो तुम्हीही लावू शकता, फक्त त्यांच्यासाठीच नव्हे.

आणि दिरांना सांगा, माटोळी ह्यांचीच. जड उचलायची मनाई सहसा ऑपरेशननंतरच्या दीड-दोन महिन्यांची असते. तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून, दिरांच्या समोरच, एकदा वदवून घ्या.