बिअर अडकली की मीटर फसवतोय?

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. यंदा सीझन उरकल्यावर पहिल्यांदाच घरी 20 लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) लावली. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबते तशी उतरते) हायड्रोमीटरने, म्हणजे तरंगणाऱ्या काचेच्या काठीने, 1.050 आली. पण त्याला दरवेळी नळी भरून सॅम्पल लागतं, म्हणून नंतर आंब्याचा ब्रिक्स (रसातल्या साखरेची टक्केवारी) बघायचा मीटर वापरला, त्यात दोन थेंबात काम होतं. सहाव्या दिवशी 6 ब्रिक्स, आज दहावा दिवस तरी 6च. तक्त्यात 6 म्हणजे 1.024, म्हणजे अर्ध्यावरच थांबली ना? यीस्टचं अजून एक पाकीट टाकलं, ढिम्म. खोलीत 30-31 डिग्री असतं. बाटल्या भरू की ओतून टाकू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ओतू तर अजिबात नका हो, आणि बाटल्याही आज भरू नका. मला जवळजवळ खात्री वाटतेय की तुमची बिअर कधीच आंबून झालीय. ब्रिक्स मीटर साखर मोजत नाही, तो प्रकाश किती वाकतो ते बघतो आणि त्यावरून साखरेचा आकडा दाखवतो. आंब्याच्या रसात ते चालतं कारण तिथे अल्कोहोल नसतं, पण बिअर आंबायला लागली की अल्कोहोलसुद्धा प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वाकवतं, आणि मीटर बिचारा त्यालाही साखरच समजतो. 1.050 पासून निघालेल्या बिअरमध्ये 6 ब्रिक्स दिसत असेल तर खरी ग्रॅव्हिटी साधारण 1.011-1.012 निघते, आणि पेल एलसाठी ती अगदी योग्य आहे.

तरी माझ्या हिशोबावर विसंबू नका, हायड्रोमीटरच लावा. सॅम्पल दोन भांड्यांत पाच-सहा वेळा वरखाली ओतून गॅस काढा, नाहीतर बुडबुडे काठीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. काठीवर कुठलं तापमान छापलंय तेही बघा, बहुतेक 20 डिग्री असतं. तुमच्या 30 डिग्रीच्या सॅम्पलला ती दोन-अडीच पॉइंट (एक पॉइंट म्हणजे 0.001) कमी दाखवणार, म्हणजे 1.009 दिसलं तर 1.011 च्या पुढे धरा.

आकडा खरंच 1.020 च्या वर आला तर मात्र एक टेस्ट करा, मला ही फार आवडते कारण तिच्यात अंदाज उरत नाही. पेलाभर बिअर स्वच्छ बाटलीत घ्या, चांगली चिमूटभर यीस्ट घाला, झाकण सैल ठेवा, अधूनमधून हलवत दोन-तीन दिवस ठेवा, आपल्याकडे ऊब काही विकत आणायला लागत नाही. तिची ग्रॅव्हिटी खाली उतरली तर बादलीतल्या यीस्टने दम सोडलाय, आणि नाही उतरली तर आंबण्यासारखी साखरच संपलीय. असं बहुतेक मॅश करताना, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवताना, तापमान 70 डिग्रीच्या आसपास गेलं की होतं, मग कितीही पाकिटं टाका. चार-पाच पॉइंट आंबायचे बाकी असताना वर साखर घालून भरलेली बाटली फुटू शकते, काच डोळ्यात जाते, म्हणून तीन दिवस आकडा हलला नाही तरच भरा.

30-31 डिग्री मात्र खूपच होतं. एल यीस्टला 18 ते 22 बरं. बादलीला गुंडाळलेलं ओलं गोणपाट आपल्या दमट हवेत फारसं काम करत नाही, त्यापेक्षा बादली पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, निदान पहिले तीन दिवस.

आणि महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे बिनपरवाना बिअर बनवता येत नाही, घरच्यापुरती असली तरी. पुढची बॅच लावण्याआधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन या.

प्रश्न : बिअरच्या एअरलॉकचे (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बुडबुडे तिसऱ्याच दिवशी बंद झाले. बिघडली का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. आपल्या उकाड्यात एल दोन-तीन दिवसांत बरीचशी उरकते, आणि झाकण जरा सैल असलं तरी गॅस तिथूनच निघून जातो. ग्रॅव्हिटी घ्या, बुडबुडे मोजू नका.