नवा गाइड डॉग येऊन तीन आठवडे झाले, पण आमचं जुळत नाहीये. माझं काय चुकतंय?

तुमचा प्रश्न मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, दोनदा ऐकला. आपल्यासारख्या अंध माणसांना वाट दाखवणारा तुमचा आधीचा कुत्रा आठ वर्षं सोबत राहून निवृत्त झाला. नवा प्रशिक्षण केंद्रात छान चालत होता, पण घराभोवतीच्या रस्त्यांवर जागोजागी हुंगत थांबतो, रोजचं डावं वळण सोडून सरळ पुढे जातो. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘खरं सांगायचं तर मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही.’

हे शेवटचं वाक्य लिहिणं किती जड जातं ते मला माहीत आहे. माझी पहिली, नोरा, साडेनऊ वर्षांची असताना निवृत्त झाली आणि माझ्या बहिणीकडे राहायला गेली. टोबी आला तेव्हा पहिले दोन महिने मी त्याचं खाणं-पाणी, शी-शू, ब्रश सगळं वेळच्या वेळी करायचे आणि रात्री नोराचा जुना पट्टा उशाशी घेऊन झोपायचे. टोबी कोपऱ्यात उसासा टाकायचा, तो ऐकू यायचा, आणि मी कूस बदलायचे. आज आम्हाला पाच वर्षं झाली. तेव्हा आधी उत्तर देऊन टाकते: तुमचं काहीही बिघडलेलं नाही आणि तीन आठवडे फार म्हणजे फारच थोडे आहेत. जोडी नीट बसायला सहा महिने ते वर्ष धरून चाला. आमचे रोजचे रस्ते चार महिन्यांत बसले. विश्वास बसायला आणखी चार-पाच महिने लागले, आणि तो उशीर माझ्यामुळे झाला. ते पुढे सांगते.

आधी त्याच्या बाजूने बघा. साधारण दोन महिन्यांचा असताना तो आईपासून दुरावला आणि एका कुटुंबात गेला. तिथे वर्षभर किंवा थोडं जास्त राहिला, मग ते घर सुटून केंद्रात आला. तिथे काही महिने एका प्रशिक्षकाच्या मागे जीव लावून शिकला, आणि आता तोही नाही. जेमतेम दोन वर्षांच्या आयुष्यात तुम्ही त्याचं तिसरं माणूस आहात. केंद्रात तो छान चालत होता कारण प्रशिक्षक दहा पावलांवर होता, त्याचा वास आणि आवाज आसपास होता. तुमच्या गल्लीत त्याच्या ओळखीचं काहीच नाही. तो हुंगतो यात त्याचा हट्ट नाही, आपण कुठे येऊन पडलोय हे तो शोधतोय.

म्हणून हुंगण्यासाठी त्याला वेगळा वेळ द्या. कामाला निघायच्या आधी हार्नेस (ज्याचं हँडल धरून आपण चालतो तो कामाचा पट्टा) न घालता, फक्त लीशवर, दहा-पंधरा मिनिटं त्याच रस्त्यावर त्याला हवं तिथे नाक खुपसू द्या. मग शी-शू, मग हार्नेस. हार्नेस अंगावर असताना मात्र एकदाही नाही. टोबीला हा फरक आठवड्याभरात कळला. अंगावर हार्नेस आहे की नाही, एवढ्यावरून काम आणि सुट्टी वेगळी करायला ही मुलं प्रशिक्षणातच शिकलेली असतात, फक्त आपण डगमगायचं नाही.

आता ते डावं वळण. इथे मात्र तुमच्याकडे बघायला हवं, कारण माझ्या बाबतीत दोष माझाच होता. वळणं कुत्र्याला माहीत नसतात, नकाशा आपल्या डोक्यात असतो. तो अडथळे टाळतो, फूटपाथच्या कडेला आणि पायऱ्यांपाशी थांबतो, सरळ रेषा धरतो. कुठे वळायचं ते आपण सांगायचं. सिग्नलचा रंग बघून तोही रस्ता ओलांडत नाही. वाहनांचा आवाज ऐकून आपण ठरवतो, आणि आपला अंदाज चुकून गाडी अंगावर येत असेल तर तो हलत नाही. हे सगळं तुम्हालाही ठाऊक आहे. पण आठ वर्षांत जुना कुत्रा रस्ते पाठ करतो आणि आपण हळूहळू सांगणंच सोडून देतो. नोरा मी तोंड उघडायच्या आधी वळलेली असायची. टोबीबरोबर तीन-चार आठवडे चिडचिड झाल्यावर मी एका मैत्रिणीला मागून चालायला सांगितलं. ती म्हणाली, ‘तू लेफ्ट म्हणतेस तेव्हा कोपरा मागे गेलेला असतो.’ माझी कमांड दोन पावलं उशिरा पडत होती! शिवाय उजवा हात पुढे नेऊन दिशा दाखवायला आणि खांदा वळवायला मी साफ विसरले होते. तुम्हीही कुणाला तरी आठ-दहा पावलं मागे ठेवून चालून बघा. त्यांनी कुत्र्याशी एक शब्द बोलायचा नाही, फक्त तुमच्याकडे लक्ष द्यायचं.

वेगाचंही तसंच. शेवटच्या वर्षात जुना कुत्रा मंदावतो आणि त्याच्याबरोबर आपणही, इतकं सावकाश की कळतसुद्धा नाही. मग दोन वर्षांचा तरुण गडी येतो आणि हँडल हातातून निसटेल की काय असं वाटतं. जोडी ठरवताना प्रशिक्षक स्वतः हार्नेस धरून कुत्र्यासारखा आपल्यापुढे चालतो, आपला वेग आणि किती ओढ झेपते ते बघतो. तेव्हा आपण जुन्या सवयीने सावकाश चाललो असू, तर तेही प्रशिक्षकाला सांगायला हवं. आताही सांगता येईल. ओढ जास्त वाटत असेल तर त्यावर उपाय असतात, ती मुकाट्याने सोसू नका.

आता ‘काहीच वाटत नाही’ याबद्दल. 2015 साली जपानी संशोधकांनी दाखवलं होतं की कुत्रा आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. हे कळलं तेव्हा मी खट्टू झाले होते. माझ्याकडे ती वाटच नाही. टोबी माझ्याकडे टक लावून बसलेला असायचा म्हणे, आणि मला त्याचा पत्ता नसायचा. पण फ्रान्समधला 2008 सालचा एक अभ्यास आहे, त्यात अंध माणसांकडचे गाइड डॉग आणि डोळस माणसांकडचे पाळीव कुत्रे खाऊ कसा मागतात याची तुलना केली होती. गाइड डॉगही इतर कुत्र्यांसारखे माणसाकडे बघतच होते, पण त्यात एक भर होती: ते तोंड चाटल्याचा मोठा आवाज करत होते. हे वाचल्यावर मी टोबीकडे नव्याने कान लावला. संध्याकाळी माझ्या खुर्चीशेजारी तो मचमच असा आवाज करायचा, तो मी दुर्लक्षून सोडून देत होते. त्या दिवशी मी ‘काय रे?’ म्हणून हात खाली नेला, आणि त्याने हनुवटी थेट तळहातावर ठेवली. मी रडले. इतके दिवस तो हाक मारत होता.

आपली ओळख हातातून आणि कानांतून होते, म्हणून तिथेच वेळ घाला. रोजचं ब्रशिंग उरकून टाकू नका. कान, बोटांच्या बेचक्या, पंजाच्या गाद्या, कुठे गाठ लागते का, कुठे हात लागला की अंग चोरतो, हे सगळं सावकाश बघा. टोबीच्या पंजातला काटा मला असाच सापडला; त्या आठवड्यात तो खडबडीत जागी अडखळत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होते. खेळही हवा, रस्सीखेच असो की चेंडू. पहिले काही आठवडे खायला घालणं, बाहेर नेणं, लाड, सगळं तुमच्याच हातून झालं पाहिजे. घरातल्यांना हे जड जातं, पण त्यांना स्पष्ट सांगा. माझ्या घरी तर हार्नेस काढल्या काढल्या टोबी इतरांकडे धावायचा, कारण तिकडे लाड फुकट मिळत होते.

आणि हँडल. डोळस माणसाला हे समजावणं कठीण आहे, तुम्हाला नाही. नाक खाली गेलं की हँडल पुढे झुकतं, मान वर झाली की किंचित उचलतं, फूटपाथची कड जवळ आली की ओढ सैलावते, ओळखीचं दार आलं की ओढ वाढते. ही प्रत्येक कुत्र्याची वेगळी बोली असते. तुमच्या मनगटाला अजून जुन्याचीच बोली येते, म्हणून नवा चुकतोय असं वाटतं. नोरा अडथळ्याला वळसा घालण्याआधी क्षणभर थबकायची. टोबी थबकत नाही, वेग न मोडता वळतो. मला ते कित्येक आठवडे भरकटणं वाटत होतं.

आता माझी चूक. पाचव्या महिन्यात एका दुपारी टोबी फूटपाथवर मध्येच थांबला. मी पायाने चाचपलं, समोर काही नव्हतं. ‘फॉरवर्ड’ म्हटलं. तो डावीकडे वळू लागला. मला घाई होती आणि मनात आलं, नोरा असती तर अशी थांबली नसती. मी त्याला उजवीकडे ओढून पुढे पाऊल टाकलं आणि उभ्या ट्रकच्या मागच्या उघड्या फळीवर कपाळ आपटलं. फळी छातीच्या वर होती, पायाला कशी लागणार? त्याने मला वाचवायचा दोनदा प्रयत्न केला होता.

जखम दहा दिवसांत भरली. टोबी मात्र दोन महिने बिचकत चालला. थांबलं तरी माणूस ऐकत नाही, हे त्याला मी शिकवलं होतं. तेव्हापासून माझा एक नियम आहे: तो थांबला की आधी ‘शाबास’, मग पाय, मग डोक्यापर्यंत हात, आणि काहीच नाही सापडलं तरच पुढची कमांड. दर वेळी, कितीही घाई असली तरी. त्याच ट्रकच्या जागी आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. उलटं, खरंच त्याची चूक असेल, म्हणजे तुमचा खांदा खांबाला घासला, तर रागवू नका. थांबा, खांबावर हात थोपटून दाखवा, चार-पाच पावलं मागे या आणि पुन्हा चाला. नीट गेला की तिथल्या तिथे कौतुक. पाच सेकंदांनंतरचं कौतुक कशाबद्दल आहे ते त्याला कळत नाही.

खाऊ वापरायला संकोच करू नका. तुमचा लॅब्रेडॉर असेल तर तो सतत खाण्याच्या मागे का असतो याला कारण आहे. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरांमध्ये भूक वाढवणारा एक जनुकीय बदल सापडला, आणि त्यांनी तपासलेल्या साहाय्यक कुत्र्यांमध्ये तो तिपटीहून जास्त होता, बहुधा खाऊसाठी शिकणारी पिल्लंच या कामात टिकतात म्हणून. फक्त तेवढा खाऊ रोजच्या खाण्यातून वजा करा, वजन वाढलं की सांधे कुरकुरतात.

जुन्याच्या आठवणीबद्दल एक सांगते. मॉरिस फ्रँक नावाचा अंध अमेरिकन तरुण 1928 साली स्वित्झर्लंडला जाऊन बडी ही जर्मन शेफर्ड घेऊन आला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतली पहिली गाइड डॉग शाळा सुरू झाली. बडी 1938 साली गेली. त्यानंतरच्या आपल्या कुत्र्यांनाही त्याने बडीच म्हटलं. मला हे बरेच दिवस पटत नव्हतं, नव्या कुत्र्यावर अन्याय वाटायचा. पण मीसुद्धा टोबीला कितीदा ‘नोरा’ म्हणून हाक मारली, आणि तो आला. माझ्यापुरतं मी एक केलं: रस्त्यावर नोराचं नाव काढायचं नाही, घरी हवं तितकं काढायचं, रडायचंही. आणि तिचे पहिले सहा महिने बहिणीला विचारले. ती म्हणाली, ‘तू तेव्हा हिला परत द्यायला निघाली होतीस.’ मी ते पूर्ण विसरले होते.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. तो तुम्हाला चालत्या वाहनांसमोर नेत असेल, आवाजांनी थरथरत असेल, हार्नेस दिसताच लपत असेल, कुणावर गुरगुरत असेल, तर आजच केंद्राला फोन करा. खाणं सोडलं असेल किंवा लंगडत असेल तर आधी डॉक्टर. काही जोड्या खरंच बसत नाहीत. तोच कुत्रा दुसऱ्या माणसाबरोबर सुंदर काम करतो आणि त्या माणसाला दुसरा कुत्रा मिळतो. त्यात कुणाचा अपमान नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यात मला तसं काही दिसत नाही.

सध्या एकच छोटा रस्ता धरा, दहा मिनिटांचा, ते डावं वळण असलेला. रोज एकाच वेळी, घाई नसताना. कमांड कोपऱ्याच्या आधी, हात पुढे. दोन आठवड्यांनी इथेच लिहा काय झालं ते, आणि संध्याकाळी तो तुमच्याजवळ कसला आवाज करतो तेही.