बर्फाची टिप मागवण्याआधी

घसा जळतो म्हणून तू हुक्क्याच्या पाइपासाठी गार टिप, म्हणजे पाइपाच्या तोंडाला लावायची धूर गार करणारी नळी शोधतोयस, पण जरा थांब मित्रा. धूर कडक लागतो तो बहुतेक वेळा चिलमीतली तंबाखू करपल्यामुळे. आधी एक कोळसा कमी कर. नारळाचा कोळसा पूर्ण लाल झाल्याशिवाय ठेवूच नकोस.

मग टिप घे. जेलची असेल तर दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेव. नवखे इथे चुकतात:

- हुक्क्याच्या पाण्याच्या भांड्यात बर्फ घालतात, पण पाणी कमी करत नाहीत. पातळी चढते, ओढायला जड जातं, पाणी पाइपात शिरतं. चिलमीपासून पाण्यात उतरणारी दांडी 2-3 सेंटिमीटर बुडाली की पुरे.
- टिप ओलीच ठेवून देतात. ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरतेच.

आणि हे नीट ऐक. धूर गार झाला म्हणून निरुपद्रवी होत नाही. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात असतंच. उलट घशाला टोचत नाही म्हणून कश लांबतात आणि जास्त धूर आत जातो. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये एसी लावून, खिडक्या बंद करून तर बसूच नकोस. डोकं जड झालं, मळमळलं, की तिथेच थांब आणि लगेच मोकळ्या हवेत जा.