गुप्तवार्ता अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात?

तुम्ही सहायक गुप्तवार्ता अधिकारी पदाची तयारी करताय आणि विचारलंय की निवड झाल्यावर पाठलाग, वेषांतर, खबरी तयार करणं हेच शिकवतात का. मी पोलीस खात्यात बत्तीस वर्षं होतो, त्यातली बरीचशी जिल्हा विशेष शाखेत, म्हणजे जिल्ह्यातली गोपनीय माहिती गोळा करणाऱ्या पोलीस शाखेत. शेवटी काही वर्षं नव्या मुलामुलींना हे काम शिकवलं. उघड करू नये असं काही लिहिणार नाही, पण मोकळेपणाने सांगता येईल तेवढं सांगतो.

आधी एक समजून घ्या. माहितीचा तुटवडा क्वचितच असतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात गोपनीय काम बघणारा अंमलदार असतो. हद्दीतले मोर्चे, उपोषणं, यात्रा, उरूस, कोणी कुठे काय निवेदन दिलं, हे तो रोज विशेष शाखेला कळवतो. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आली की आत्मदहनाच्या इशाऱ्यांची निवेदनं टेबलावर साचतात. त्यातला कोणता माणूस खरोखर रॉकेलचा डबा घेऊन येणार आणि कोणाला फक्त कलेक्टरसाहेबांची भेट हवी आहे, हे ओळखायचं असतं.

२६/११ नंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या चौकशी समितीने कागदपत्रं तपासली, तेव्हा २००६ पासून आलेले इशारे त्यात सापडले. समुद्रमार्गे हल्ल्याच्या शक्यतेचे ६, एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ल्याचे ११. माहितीचे तुकडे आले होते, ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत नव्हती. मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी हे सांगायचो आणि वर्गात आवाज निघायचा नाही.

आता प्रत्यक्ष शिकवणं. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना एसटी स्टँडवर पाठवायचो. वीस मिनिटं थांबायचं, वही काढायची नाही, परत येऊन लिहायचं. कागदावर तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, वाटलं. एका मुलाने लिहिलं, "फलाट तीनवर संतप्त जमाव होता." मी विचारलं, संतप्त हे कोणत्या रकान्यात? तो म्हणाला, "पाहिलं, सर." मग काय काय पाहिलंस ते सांग. पंधरा-वीस माणसं, एक बाई कंट्रोलरच्या खिडकीवर हात आपटत होती, दोघंजण मोबाईलवर शूटिंग करत होते, बाकीचे बॅगा घेऊन उभे. म्हणजे गाडी उशिरा आली होती आणि एक बाई चिडली होती. "संतप्त जमाव" त्याच्या डोक्यात तयार झाला होता. हे तीन रकाने वेगळे ठेवायला साधारण महिना लागतो. काहींना जन्मभर जमत नाही, आणि त्यांना या शाखेत ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गर्दी मोजणंही शिकवावं लागतं. आयोजक पाच हजार म्हणतात, बंदोबस्तावरचा हवालदार पाचशे म्हणतो. मोर्चा चालत असेल तर एका खांबाजवळ उभं राहायचं, एका रांगेत किती माणसं ते बघायचं, मिनिटाला किती रांगा खांबापुढून जातात ते मोजायचं आणि शेपूट जाईपर्यंत घड्याळ लावायचं. त्यात चूक राहते, पण ती किती असेल याचा अंदाज असतो.

विश्लेषणाकडे वळलं की पहिला प्रश्न असा, की बातमी कुणाची आणि बातमी कशी, हे दोन वेगळे हिशोब आहेत. जगभर बऱ्याच ठिकाणी त्यासाठी सांगणारा किती भरवशाचा यासाठी ए ते एफ अशी अक्षरं आणि बातमी किती खरी वाटते यासाठी १ ते ६ असे आकडे वापरतात. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगतो, दारुड्याही कधी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात लिहून ठेवलंय की तिघांची बातमी जुळली तर विश्वास ठेवावा. हे मुलांना पाठ असतं. पण हेरांना एकमेकांची ओळख असू नये, हेही त्यानेच सांगितलंय आणि तेच विसरलं जातं. आज तिघांनी एकच गोष्ट सांगितली की मी आधी विचारायचो, तिघं एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत का? असतील तर ती तीन बातम्या नाहीत, एकच आहे.

सादरीकरणावर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवायचो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. कांद्याचे भाव पडलेले, एका बाजार समितीत लिलाव बंद पाडलेला. मी अधीक्षकांना दोन पानी अहवाल दिला. पहिल्या पानावर पार्श्वभूमी, संघटनेचा इतिहास, मागण्या. शेवटी ठेवणीतलं वाक्य: "कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही." दुसऱ्या पानावर मधेच एक ओळ होती की तीन गावांतून चाळीसेक ट्रॅक्टर सकाळी सातला हायवेच्या फाट्यावर बोलावलेत आणि डिझेल भरून झालंय. साहेबांनी पहिलं पान वाचलं, नेहमीसारखा बंदोबस्त लावला. हायवे चार तास बंद राहिला. रांगेत एक अ‍ॅम्ब्युलन्स अडकली, तिला शेतातून वाट काढून द्यावी लागली. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "ट्रॅक्टरचं तुम्हाला ठाऊक होतं?" म्हटलं, "होतं सर. दुसऱ्या पानावर आहे." ते काही बोलले नाहीत. तो अहवाल मी पुढे प्रत्येक वर्गात वाचून दाखवला.

त्या वाक्याचा एक प्रयोग मी करायचो. "शक्यता नाकारता येत नाही" म्हणजे शंभरात किती, ते चिठ्ठीवर लिहा. कोणी दहा लिहायचं, कोणी सत्तर. अमेरिकेत १९५१ साली असंच झालं होतं. युगोस्लाव्हियावर हल्ल्याची "गंभीर शक्यता" आहे असा अहवाल गेला. तो करून घेणाऱ्या, सीआयए या गुप्तचर संस्थेतल्या शेर्मन केंट यांच्या मनात ६५ टक्के होते. सहकाऱ्यांना विचारलं तर कोणी २० सांगितले, कोणी ८०. अहवालावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून माझ्या वर्गात ते वाक्य बंद होतं. काय होईल, कधी, कुठे, कशावरून म्हणता, आणि तुमची स्वतःची खात्री किती, हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. पार्श्वभूमी खाली. "योग्य तो बंदोबस्त ठेवावा" असंही लिहायचं नाही, कारण योग्य म्हणजे कोणता हेच तर तुम्हाला विचारलेलं असतं.

माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने नेमणुकीच्या पहिल्याच वर्षी मला तिचा कागद दाखवला होता. नावं गाळून देतो: "उद्या सकाळी ध्वजारोहणाआधी निवेदनकर्ता गावच्या पाण्याच्या टाकीवर चढेल, असं मला जवळजवळ नक्की वाटतं. त्याने काल टाकीची शिडी दोनदा पाहिली, हे वॉचमनने स्वतः पाहिलं. मुलगा म्हणतो वडील घरीच राहतील, पण तो काल गावात नव्हता. मोबदल्याचा चेक तहसील कार्यालयात सहीसाठी पडून आहे."

ठाणेदारांनी रात्रीच शिडीला कुलूप लावलं आणि तहसीलदारांना फोन केला. सकाळी तो म्हातारा झेंड्याला आला, तेव्हा त्याच्या हातात चेक होता.