चित्रावर, चित्रावरून की चित्रकाव्य?

प्रश्न थोडक्यात असा. गावातल्या कलादालनात चित्रप्रदर्शन भरणार आहे. काही कवींना चित्रं आधी दाखवायची, त्यांनी त्यांवर कविता लिहायच्या आणि शेवटच्या दिवशी ज्या-त्या चित्रासमोर उभं राहून त्या म्हणायच्या, असा बेत आहे. पत्रिकेच्या मसुद्यात ‘चित्रकाव्यवाचन’ असं लिहिलं, तर मंडळातल्या संस्कृतच्या निवृत्त बाईंनी हरकत घेतली: चित्रकाव्य म्हणजे हे नव्हेच! बाईंचं खरं का? आणि इंग्रजीत याला ‘एकफ्रॅसिस’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

बाईंचं खरं आहे. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याच्या तीन प्रती लावल्या. व्यंग्यार्थ, म्हणजे थेट न सांगता सुचवलेला अर्थ, प्रधान असेल ते उत्तम, व्यंग्यार्थ दुय्यम झाला तर मध्यम, आणि ज्यात व्यंग्य जवळजवळ नाहीच ते ‘अवर’, म्हणजे खालच्या प्रतीचं. या तिसऱ्याला त्याने नाव दिलं चित्रकाव्य. आनंदवर्धन त्याच्याही आधीचा आणि त्याच्याहून कडक. त्याच्या मते हे मुळी काव्यच नव्हे, काव्याची नक्कल. तेव्हा पत्रिकेवर ‘चित्रकाव्य’ छापून आपण निमंत्रित कवींना तिसऱ्या प्रतीत बसवतो आहोत, असं बाईंना वाटलं असेल तर नवल नाही.

त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ जास्त ओळखीचा आहे, तो चित्रबंधांचा. श्लोकातली अक्षरं कमळाच्या पाकळ्यांत, तलवारीच्या पात्यावर किंवा चौकटीच्या घरांत अशी बसवायची की आकृती उभी राहावी. संस्कृत कवी भारवीने ‘किरातार्जुनीय’ या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात अशा अक्षरकरामतींचा खच पाडला आहे. ‘न नोननुन्नो नुन्नोनो नाना नानानना ननु’ ही त्यातलीच ओळ. श्लोकभर ‘न’चंच राज्य, आणि तरी त्याला अर्थ आहे! आपल्याकडे मोरोपंतांना हा नाद होता. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओठ जुळवावे लागतील अशी अक्षरं नाहीत. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे रामायण रचायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही. अशा रचनेत रंगवलेल्या चित्राचा संबंध कुठेच येत नाही. ‘चित्र’ इथे ‘विचित्र, आश्चर्यकारक’ या अर्थाच्या जवळ जातं.

पण शब्द काही मम्मटाकडे गहाण पडलेला नाही. आज मराठी कवितेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘चित्रकाव्य स्पर्धा’ चालतात. गटप्रमुख सकाळी एक फोटो टाकतो, बहुधा पावसातली छत्री नाहीतर ओट्यावरची म्हातारी, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर कवितांचा पाऊस. चार ओळींत आटपायचं असेल तर ‘चित्रचारोळी’. हजारो लोक हे शब्द याच अर्थाने वापरतात आणि कुणाचा गोंधळ होत नाही. म्हणून ‘चित्रकाव्य’ चूक आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ज्या पत्रिका संस्कृतच्या बाईंच्याही हातात पडणार आहेत, तिथे तो शब्द टाळलेला बरा. ‘शब्दचित्र’ही नको. ते आपण व्यक्तिचित्रासाठी वापरतो, आणि मम्मटाकडे गेलात तर शब्दचित्र हा पुन्हा त्या तिसऱ्या प्रतीचाच पोटभेद निघतो. ‘दृश्यकविता’ म्हटलं तर कागदावरच्या मांडणीतून आकार घेणारी कविता डोळ्यांपुढे येते.

आता ‘एकफ्रॅसिस’. हा शब्द ग्रीक वक्तृत्वशाळांतला. तिथे मुलांना जे नेमून दिलेले पाठ असत, त्यातला हा एक: एखादी गोष्ट अशी वर्णन करा की ऐकणाऱ्याला ती समोर दिसावी. गोष्ट म्हणजे चित्रच असं नाही. लढाई, सण, बंदर, काहीही. कलाकृतीवरची कविता हा नेमका अर्थ रूढ झाला तो विसाव्या शतकात. समीक्षक लिओ स्पिट्झरने 1955 मध्ये इंग्रज कवी कीट्सच्या ग्रीक कलशावरच्या कवितेची चर्चा करताना तो स्पष्ट मांडला. वर्णनाच्या या पाठाला जवळचा मराठी शब्द शोधायचा तर तो शाळेतच सापडतो: चित्रवर्णन! ‘चित्रात एक बाग आहे. बागेत मुले खेळत आहेत.’ गुण पाच. या वासामुळेच तो शब्द पत्रिकेवर चालणार नाही.

माझं म्हणणं असं की इथे नामाच्या मागे लागण्यात हशील नाही. मराठीत हे काम शब्दयोगी अव्ययं जास्त चोख करतात. चित्रावर कविता, चित्रावरून कविता, चित्रातून कविता आणि चित्रापुढे कविता या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या कार्यक्रमात चारही घडतील.

‘वर’ म्हणजे चित्र हाच विषय. ‘वरून’ म्हणजे चित्र हे निमित्त; ‘त्यावरून आठवलं’ म्हणतो तसं. इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडनने 1938 च्या डिसेंबरात ब्रसेल्समध्ये लिहिलेली संग्रहालयावरची कविता घ्या. ती सुरू होते माणसाच्या दुःखापासून: एक जण यातना भोगत असतो तेव्हा दुसरा जेवत असतो, खिडकी उघडत असतो, आणि हे जुन्या चित्रकारांना बरोबर कळलं होतं. कविता निम्म्यावर आली तरी इकॅरसचा, म्हणजे मेणाचे पंख वितळून समुद्रात पडलेल्या ग्रीक कथेतल्या मुलाचा, पत्ता नाही. मग चित्रकार ब्रॉयगलच्या नावावर असलेलं, त्या संग्रहालयातलं इकॅरसचं चित्र येतं. पुढे नांगर धरलेला शेतकरी, आपल्याच नादात आभाळाकडे बघणारा मेंढपाळ, शिडं फुगलेलं जहाज. आणि इकॅरस कुठे? उजव्या कोपऱ्यात पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय, बस्स. ही ‘वरून’ची कविता आहे. चित्र न पाहिलेल्या माणसालाही ती पुरते, पाहिलेल्याला जास्त पुरते.

‘तून’चा नमुना यू. ए. फँथॉर्प या इंग्रज कवयित्रीचा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार उच्चेल्लोचं सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचं चित्र आहे. पंधराव्या शतकातलं, आणि जरा गमतीशीरच. राजकन्येला वाचवायला घोडेस्वार भाला रोखून आलाय, पण ड्रॅगनच्या गळ्यातली दोरी तर राजकन्येच्याच हातात! फँथॉर्प तिघांनाही बोलायला लावते. ड्रॅगनची तक्रार की चित्रकाराने आपली चांगली बाजू टिपली नाही. मुलीला ड्रॅगनच जास्त आवडलेला. आणि वीर आपल्या पदविका आणि सामग्रीची यादी वाचून दाखवतोय. तुमच्या कार्यक्रमात तीन आवाजांत म्हणायला असली कविता उत्तम. चित्रात शिरून आतून बोललं की वर्णनाची गरजच राहत नाही, चित्र शेजारी टांगलेलं असतंच.

आणि ‘पुढे’. याची आपली परंपरा फार जुनी आहे, फक्त तिला कुणी वेगळं नाव दिलं नाही. संस्कृत नाटककार भवभूती हा विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या ‘उत्तररामचरित’ या नाटकाचा पहिला अंक ‘चित्रदर्शन’ म्हणूनच ओळखला जातो. राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्याच वनवासाची चित्रं बघत पुढे पुढे सरकत जातात, आणि एकेका चित्रापुढे श्लोक येतात. शूर्पणखेचं चित्र आलं की सीता घाबरते, आणि राम तिला सांगतो, अगं, हे चित्र आहे. ‘अपि ग्रावा रोदित्यपि दलति वज्रस्य हृदयम्’, दगडही रडेल आणि वज्राचंही काळीज फुटेल, ही ओळ आपण भाषणांत, मृत्युलेखांत कुठेही वापरतो. मुळात ती लक्ष्मणाने जनस्थानाच्या, म्हणजे सीताहरण झालं त्या वनाच्या, चित्राकडे बोट दाखवून म्हटलेली आहे. चित्रापुढे म्हटलेली याहून गाजलेली ओळ मला तरी माहीत नाही.

सादरीकरणाचा धागा हवा असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथले ठाकर समाजातले चित्रकथी चित्रांची पोथी समोर ठेवतात आणि एकेक चित्र दाखवत कथा गातात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक संपलं की उलटायचं. तिथे कथा आधीची, चित्र तिच्यामागून आलेलं; तुमच्या कवींचं उलट. पण चित्राशेजारी उभं राहून ते बोलतं करायचं, ही कसरत तीच. ‘चित्रकथी’ला जोड म्हणून ‘चित्रकवी’ म्हणावं असा मोह होतो खरा, पण ऐकणारा ‘चित्रकार आणि कवी’ असंच समजेल.

तेव्हा पत्रिकेत मी असं लिहीन: ‘चित्रांवरून कविता: प्रदर्शनातील चित्रांसमोर कवींचे काव्यवाचन’. साहित्यप्रकाराचं नावच हवं असेल, निबंधात वगैरे, तर ‘चित्रकविता’ घ्या. ‘काव्य’च्या जागी ‘कविता’ आली की मम्मट बाजूला होतो. ‘चित्रांनी प्रेरित’ नको, त्यापेक्षा ‘सुचलेल्या’ चांगलं. आणि क्रियापद ‘सादर करतील’ की ‘म्हणतील’? कागदावरून वाचणार असतील तर ‘वाचतील’, पाठ असेल तर ‘म्हणतील’. ‘सादर’ नाटकवाल्यांना ठेवा, किंवा त्या तीन आवाजांच्या कवितेला.

एक मात्र कराच. कवितेच्या शीर्षकाखाली ‘अमुक यांच्या तमुक चित्रावरून’ अशी ओळ प्रत्येक ठिकाणी छापा. अशा कार्यक्रमांत कवींची नावं ठळक टाइपात येतात आणि चित्रकार आभारप्रदर्शनात उरतो.